उष्णतेची पत



उष्मागतिकी शिकवण्यात आयुष्य वेचलेल्या एका शिक्षकाच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते. त्यामुळे विषयासाठी मला फार शोधाशोध करावी लागली नाही. इंधन घट, म्हणजे आपण ज्याला सर्रास फ्युएल सेल म्हणतो तो, आणि वायू टर्बाइन यांची जोडी जमवून वीज करायची, ही कल्पना उष्मागतिकीच्या पोटातूनच जन्मलेली आहे. अशा संकरित यंत्रणा जगात मोजक्याच ठिकाणी बसल्या. त्यांतल्या काही बंद झाल्या, काही कंपन्यांनी यातून अंग काढून घेतलं. तरीही ऊर्जेच्या क्षेत्रातली इतकी सुंदर कल्पना मला दुसरी दिसत नाही, आणि तिचं काम संपलं असंही मला वाटत नाही. आज आधी ती समजून घेऊ आणि मग तिला दोन कठोर प्रश्न विचारू. ही यंत्रणा किती वर्षं टिकते? आणि तिच्या पोटात जाणारा वायू येतो कुठून?

सुरुवात 1824 पासून करावी लागते. सादी कार्नो हा फ्रेंच अभियंता तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. उष्णतेपासून काम मिळतं ते उष्णता वरच्या तापमानाकडून खालच्या तापमानाकडे जाते म्हणून, हे त्याने त्या वर्षी मांडलं आणि त्यासाठी धबधब्याचा दाखला दिला. आपल्याला तो दाखला घरचाच आहे. कोयना धरणाच्या शिवाजीसागराचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं, तिथे वीज करतं. तेच पाणी पुढे कोळकेवाडीला अडवतात आणि तिसऱ्या टप्प्यात पुन्हा टर्बाइनवर सोडतात. उंची शिल्लक आहे तोवर पाणी मोकळं सोडत नाहीत. उष्णतेच्या बाबतीत ही उंची म्हणजे तापमान. हजार अंशांवरची उष्णता आणि साठ अंशांवरची उष्णता ज्यूलमध्ये सारखी भरली तरी त्यांची पत सारखी नसते. पहिलीतून पुष्कळ काम निघतं, दुसरीतून आंघोळीचं पाणी तापतं.

या नजरेने साध्या औष्णिक केंद्राकडे पाहा. हवेत जळणाऱ्या मिथेनची ज्योत आदर्श स्थितीत 1900 अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. तिच्यावर आपण वाफ करतो साधारण 540 अंशांची. मधल्या तेराशे-चौदाशे अंशांच्या उतारावर एकही चाक बसवलेलं नसतं. धुराड्यातून जाणारी उष्णता डोळ्यांना दिसते म्हणून तिच्याबद्दल आपण हळहळतो. पण खरी नासाडी त्याच्या कितीतरी आधी, ज्योतीतच झालेली असते.

वायू टर्बाइनने हा उतार वरच्या बाजूने वापरायला घेतला. स्वित्झर्लंडमधल्या नूशातेल या गावी 1939 मध्ये ब्राउन बोव्हेरी कंपनीने वीजनिर्मितीचं पहिलं वायू टर्बाइन चालू केलं. त्याचं चाक एकूण 15,400 किलोवॅट देत असे, पण त्यातले 11,400 किलोवॅट हवा दाबणारा काँप्रेसरच खाऊन टाकी. हाती उरत 4,000 किलोवॅट. कार्यक्षमता होती 17.4 टक्के. टर्बाइनमध्ये शिरणारा वायू 550 अंशांच्या वर नेता येत नव्हता, कारण पात्यांचा धातू टिकत नव्हता. पुढची ऐंशी वर्षं त्या पात्यांच्या धातूशास्त्रात आणि त्यांना थंड ठेवण्याच्या युक्त्यांमध्ये गेली. आज मोठ्या टर्बाइनमध्ये 1600 अंशांचा वायू शिरतो, बाहेर पडताना त्याच्यावर वाफ केली जाते आणि दोन्ही मिळून 63 ते 64 टक्क्यांपर्यंत मजल गेली आहे. जपानमधल्या निशी-नागोया केंद्राने 2018 मध्ये 63 टक्क्यांची रेषा ओलांडली. पण हे आकडे शेकडो मेगावॅटच्या अजस्र संचांचे आहेत. टर्बाइन लहान करत गेलात की कार्यक्षमता घसरते. दोनशे किलोवॅटच्या टर्बाइनकडून एकट्याने 30 ते 33 टक्क्यांपलीकडे अपेक्षा ठेवता येत नाही. हा मुद्दा लक्षात असू द्या, पुढे तो निर्णायक ठरणार आहे.

दुसरी वाट ज्योत टाळण्याची. 1839 मध्ये विल्यम ग्रोव्हने हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यापासून सरळ वीज घेऊन दाखवली. 1894 मध्ये विल्हेल्म ओस्टवाल्ड या थोर रसायनशास्त्रज्ञाने एका भाषणात बॉयलर आणि वाफेच्या इंजिनाच्या उधळपट्टीवर हल्ला चढवला आणि इंधनापासून थेट वीज करण्याचं स्वप्न मांडलं. त्यानंतर पाच वर्षांनी वाल्थर नेर्न्स्टने झिर्कोनियावर काम करून दाखवलं की ही सिरॅमिक, म्हणजे चिनीमातीच्या जातीची वस्तू, पुरेशी तापवली की तिच्यातून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात. त्याला हवा होता दिवा, पण मार्ग मिळाला घटाचा. 1937 मध्ये झुरिकमध्ये एमिल बाउर आणि हान्स प्राइस यांनी असा घन ऑक्साइड इंधन घट चालवून पाहिला.

याचं काम असं चालतं. यिट्रिया मिसळलेल्या झिर्कोनियाचा पातळ थर मधे, एका अंगाला हवा, दुसऱ्या अंगाला इंधन. तापमान 700 ते 1000 अंश. हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेऊन आयन होतो, सिरॅमिकमधून पलीकडे सरकतो आणि इंधनाशी संयोग पावतो. त्याचे इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून फिरून येतात. ते फिरणं म्हणजे वीज. ज्योत नाही, म्हणून हवेतल्या नायट्रोजनचे विषारी ऑक्साइडही जवळपास नाहीत. प्लॅटिनम लागत नाही, इंधनाच्या बाजूला निकेलने भागतं.

आता मला सर्वांत प्रिय असलेला भाग. इंधन घट कार्नोच्या मर्यादेत अडकत नाही, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. ते खरं आहे, पण त्याचीही स्वतःची मर्यादा असते आणि ती तापमानाबरोबर बदलते. हायड्रोजनच्या घटातून 25 अंशांना, पाणी वाफेच्या रूपात निघतं असं धरलं तर, तात्त्विकदृष्ट्या 94 टक्के ऊर्जा वीज म्हणून मिळू शकते. हजार अंशांना हाच आकडा 71 टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे घट जितका गरम, तितकी त्याची मर्यादा खाली. मग गरम घट घ्यायचा कशाला? कारण उरलेले 29 टक्के नाहीसे होत नाहीत. ते हजार अंशांवरची उष्णता म्हणून बाहेर येतात, आणि उष्णता-इंजिनाची मर्यादा तापमानाबरोबर वर चढते. एकाचं जिथे कमी होतं, तिथेच दुसऱ्याचं वाढतं. वर घट आणि त्याच्या खाली टर्बाइन ही रचना कोणी सोयीसाठी जुळवलेली नाही, निसर्गनियमानेच ती जागा आखून ठेवलेली आहे.

प्रत्यक्ष रचनेत काँप्रेसर हवा दाबतो, टर्बाइनमधून निघणाऱ्या गरम वायूवर ती हवा तापवली जाते आणि घटात शिरते. दाबाखाली घटाचा व्होल्टेज थोडा वाढतो, हा अधिकचा लाभ. घटात इंधनाचा 80 ते 85 टक्के भाग वापरला जातो. सगळा वापरता येत नाही, कारण शेवटी इंधन इतकं विरळ होतं की निकेलच गंजायला लागतं. उरलेलं इंधन घटाच्या तोंडाशी जाळतात आणि तो नऊशे अंशांच्या घरातला वायू टर्बाइनवर सोडतात. मोठ्या टर्बाइनला हे तापमान अपुरं पडेल, पण लहान टर्बाइन ज्या तापमानासाठी बांधलेलं असतं ते नेमकं हेच.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो वाफेबरोबर निकेलवरून नेला की हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतात, आणि ही क्रिया दर मोलला 206 किलोज्यूल उष्णता शोषून घेते. घट स्वतः उष्णता टाकतच असतो. ही क्रिया घटाच्या आतच घडवली तर त्याची टाकाऊ उष्णता पुन्हा इंधनात जाऊन बसते, आणि त्याला थंड ठेवण्यासाठी पंख्याने जास्तीची हवा ढकलावी लागत नाही. टाकून दिलेली उष्णता परत रासायनिक ऊर्जेत चढवणारी अशी जागा मला दुसऱ्या कुठल्याही वीजयंत्रात दिसलेली नाही.

कागदावर हे सगळं साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत जातं. जमिनीवर काय झालं?

अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीने पिट्सबर्गमध्ये अनेक दशकं नळीच्या आकाराच्या घटांवर काम केलं. एका टोकाला बंद, 22 मिलिमीटर व्यासाच्या, दीड मीटर लांबीच्या सिरॅमिकच्या नळ्या. 1998 मध्ये कंपनीचा वीजनिर्मितीचा धंदा सीमेन्सने घेतला. त्याच सुमारास नेदरलँड्समधल्या वेस्टरव्होर्ट इथे अशा 1,152 नळ्यांचा शंभर किलोवॅट वर्गातला संच चालत होता. त्याला टर्बाइन नव्हतं, दाबही नव्हता. 46 टक्के कार्यक्षमतेने तो 16 हजार तासांहून अधिक चालला आणि उरलेली उष्णता वस्तीला पुरवत राहिला. नंतर तो जर्मनी आणि इटलीतही चालला. या संचाबद्दल फार कोणी बोलत नाही, पण माझ्या लेखी साऱ्या इतिहासातली ही सर्वांत भरवशाची साक्ष आहे.

मग खरी जोडी जमवली गेली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन आवारात 2000 मध्ये 220 किलोवॅटची दाबाखाली चालणारी संकरित यंत्रणा सुरू झाली. त्यात जवळजवळ 200 किलोवॅट घटाचे, बाकीचे टर्बाइनचे. जगातली ही पहिलीच. तिने सुमारे 53 टक्के कार्यक्षमता गाठली, आणि ती साधारण तीन हजार तास चालली. तिची रचना बघताना एक गोष्ट लगेच जाणवते. टर्बाइन या घटासाठी म्हणून बांधलेलं नव्हतं. जे लहान टर्बाइन उपलब्ध होतं, ते वापरलं गेलं. दोघांची मापं जुळत नव्हती, आणि तरीही एवढ्या लहान यंत्राने 53 टक्के दिले. पुढे सीमेन्सने 2010 च्या आसपास नळीच्या घटांचं काम थांबवलं. नळीवर झिर्कोनियाचा सलग पातळ थर चढवण्याची पद्धत फार महाग होती, आणि दर किलोवॅटचा खर्च हवा तेवढा उतरला नाही.

जोडी चालवण्यातली अडचणही खर्चाइतकीच मोठी. टर्बाइनचा दांडा मिनिटाला हजारो फेरे घेतो आणि लोड बदलला की काही सेकंदांत प्रतिसाद देतो. सिरॅमिकचा ढिगारा तापायला आणि निवायला तास लागतात. शिवाय काँप्रेसर आणि टर्बाइन यांच्या मधोमध घटाचं भलंमोठं पोट बसलेलं असतं. लोड अचानक सुटला तर त्या पोटातला दाब तसाच राहतो, काँप्रेसरमधला प्रवाह उलटतो आणि यंत्रणा धडधडायला लागते. टर्बाइनवाले याला सर्ज म्हणतात. त्या हादऱ्यात घटाच्या दोन अंगांमधला दाब असमान झाला तर पातळ सिरॅमिक तडकतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मॉर्गनटाउन इथल्या प्रयोगशाळेने यावर एक हुशार प्रयोगसंच उभारला. त्यात टर्बाइन खरं, नळ्या खऱ्या, घटाइतकं पोकळ भांडंही खरं, पण घट मात्र संगणकात. संगणक हिशेब करतो की या क्षणी घटाने किती उष्णता टाकली असती, आणि तेवढीच उष्णता एक वायूचा बर्नर टाकतो. शेकडो वेळा चूक केली तरी एकही महागडा घट फुटत नाही. नियंत्रणाचं बरंच शहाणपण तिथून मिळालं आहे.

जपान्यांनी चिकाटी सोडली नाही. मित्सुबिशीच्या अभियंत्यांनी 2015 मध्ये क्युशू विद्यापीठात 250 किलोवॅट वर्गातली यंत्रणा चालवली. 2019 मध्ये टोकियोच्या मारुनोउची इमारतीत, म्हणजे ऐन कचेऱ्यांच्या वस्तीत, तशीच एक व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. तिची विजेची कार्यक्षमता 55 टक्क्यांच्या आसपास आहे, आणि उरलेली उष्णता इमारतीतच वापरता येते. घट, वायू टर्बाइन आणि बाष्प टर्बाइन अशी तिहेरी, मोठी योजनाही त्यांनी सत्तर टक्क्यांच्या उमेदीने आखली होती. ती अजून आराखड्यातच आहे.

टीकाकार विचारतात, मोठे संच 64 टक्के देतात, मग 55 टक्क्यांचं कौतुक कशाला? मघाचा मुद्दा इथे कामाला येतो. तुलना चारशे मेगावॅटच्या संचाशी करायचीच नाही. एका इमारतीत किंवा कारखान्यात मावणाऱ्या यंत्राशी करायची. तिथे गॅस इंजिन चाळिशीच्या आसपास असतं, लहान टर्बाइन तिशीत. त्या मापात 55 ही फार मोठी उडी आहे. या यंत्रणेचं भविष्य मोठ्या केंद्रांची जागा घेण्यात आहे असं मला वाटत नाही. ती लहान जागेसाठी आहे, आणि तिच्या प्रवर्तकांनी मोठमोठ्या केंद्रांची स्वप्नं विकण्यात बराच काळ घालवला हे मला खटकतं.

आता पहिला प्रश्न, आयुष्याचा. घटाचा व्होल्टेज वापराबरोबर कमी होत जातो, आणि व्होल्टेज कमी होणं म्हणजे थेट कार्यक्षमता कमी होणं. दर हजार तासांना अर्धा टक्का घसरण धरली तर 40 हजार तासांत, म्हणजे अखंड चालवून साडेचार वर्षांत, वीस टक्के गेले. हीच घसरण 0.2 टक्क्यांवर आणली तर आठ टक्के जातात. शाश्वततेच्या चर्चेत पहिल्या दिवशीची कार्यक्षमता छापली जाते. छापायला हवी ती आयुष्यभराची सरासरी. निकेल, झिर्कोनिया, लँथॅनम, यिट्रियम या खाणीतून काढलेल्या आणि भट्टीत भाजलेल्या गोष्टी दर चार वर्षांनी बदलाव्या लागत असतील, तर त्यांचा हिशेबही त्याच वहीत लिहिला पाहिजे. इथे जोडीचा एक गुण पुढे येतो. घट म्हातारा होतो तेव्हा जी वीज तो करू शकत नाही, तिची उष्णता होते. एकटा घट असता तर ती वाया गेली असती. खाली टर्बाइन असेल तर त्यातला काही भाग पुन्हा वीज म्हणून हाती येतो, आणि घटावरचा भार हळूहळू टर्बाइनकडे सरकवत घटाचं आयुष्यही लांबवता येतं. मॉर्गनटाउनमध्ये या दिशेने अभ्यास झाला आहे. माझ्या मते संकरित रचनेच्या बाजूने सर्वांत वजनदार युक्तिवाद हाच आहे, दोन-चार टक्क्यांच्या जादा कार्यक्षमतेपेक्षाही.

दुसरा प्रश्न इंधनाचा. एक किलो मिथेन जळलं की 2.75 किलो कार्बन डाय ऑक्साइड होतो. 35 टक्के कार्यक्षमतेने वीज केली तर युनिटमागे सुमारे 570 ग्रॅम, 55 टक्क्यांनी केली तर 360 ग्रॅम. ही कपात मोठी आहे. पण मिथेन स्वतः वीस वर्षांच्या मुदतीत कार्बन डाय ऑक्साइडच्या ऐंशीपटींहून अधिक तापवतं. शंभर किलो वायू विहिरीतून निघाला आणि त्यातला तीन किलो वाटेत गळला, तर त्या तीन किलोंचा परिणाम साधारण 247 किलो कार्बन डाय ऑक्साइडइतका होतो. उरलेल्या 97 किलोंच्या ज्वलनातून येतात 267 किलो. म्हणजे गळतीने ओझं जवळपास दुप्पट केलं. 35 वरून 55 वर जाण्यासाठी सिरॅमिकशी घेतलेली सगळी झटापट एका सैल झडपेने पुसली जाते. कार्यक्षमतेचा आकडा सांगणाऱ्याने आपली कुंपणरेषा कुठे आखली आहे, यंत्राच्या दाराशी की विहिरीच्या तोंडाशी, हे विचारल्याशिवाय तो आकडा स्वीकारू नये.

ज्वलनातून येणाऱ्या कार्बन डाय ऑक्साइडवर मात्र घटाकडे एक अर्धं उत्तर आहे. त्याच्या इंधनाच्या अंगाने बाहेर पडणाऱ्या वायूत हवेतला नायट्रोजन मिसळलेलाच नसतो. उरलेलं इंधन हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजनवर जाळलं आणि वाफ थंड करून पाणी वेगळं केलं, की हाती जवळपास निव्वळ कार्बन डाय ऑक्साइड येतो. साध्या धुराड्यातून तो गाळून काढायला जे रसायन आणि जी वाफ लागते, ती इथे वाचते.

महाराष्ट्राचं काय? आपल्याकडे वायू टर्बाइनचा अनुभव जुना आहे. उरणचं केंद्र ऐंशीच्या दशकापासून मुंबई हायच्या वायूवर चाललं, पुढे त्याला वाफेचे संच जोडले गेले, एकूण क्षमता 672 मेगावॅट. दाभोळला 1,967 मेगावॅटचं केंद्र आहे. पण वायूच नाही म्हणून अशी केंद्रं क्षमतेच्या खूप खाली चालतात किंवा उभी राहतात, ही साऱ्या देशाची कहाणी आहे. आयात केलेल्या महाग वायूवर महाग घट चालवण्याचा सल्ला मी देणार नाही.

माझी नजर जाते ती साखर कारखान्यांकडे. मळी कुजवून आणि आसवनीच्या सांडपाण्यापासून बायोगॅस करण्याची सवय आपल्या पट्ट्यात आहे. बायोगॅसमध्ये साठ टक्के मिथेन धरलं तर एका घनमीटरात सहा युनिट ऊर्जा असते. इंजिनातून त्यातली सव्वादोन युनिट वीज निघते. 55 टक्क्यांच्या यंत्रणेतून तीनच्या वर निघेल. बायोगॅसमधला कार्बन डाय ऑक्साइड इंजिनाला अडचण करतो, घटाला करत नाही. उलट मिथेनचं विघटन करायला तो मदतच करतो. आणि मापही नेमकं तेच आहे, काहीशे किलोवॅटचं.

अडचणी खऱ्या आहेत आणि त्या नावानिशी मांडल्या पाहिजेत. आसवनीच्या बायोगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड टक्क्यांत मोजावा लागतो, आणि निकेलला तो दशलक्षात एखादा भागही सोसत नाही. इंजिनासाठी वायू साफ करणं आणि घटासाठी साफ करणं यांत हजारोपटींचं अंतर आहे. दुसरं म्हणजे गाळप हंगामी. घटाला बंद-चालू सोसत नाही, दर वेळी थंड होताना सिरॅमिक आणि धातू वेगवेगळ्या मापाने आकसतात आणि सांधे उकलतात. म्हणून वर्षभर चालणारी आसवनी असलेला कारखाना निवडावा लागेल, किंवा मळी साठवून वायू वर्षभर पुरवावा लागेल. आणि बायोगॅसच्या टाक्यांची गळती हीदेखील मिथेनचीच गळती असते.

कोलकात्याच्या केंद्रीय काच आणि सिरॅमिक संशोधन संस्थेत घन ऑक्साइड घटांवर काम झालं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेला कमी तापमानाच्या घटांचा आणि त्यांच्यावर चालणाऱ्या बसचा अनुभव आहे. वायू साफ करण्याची रसायनविद्या आपल्या खतकारखान्यांमध्ये मुरलेली आहे. या मंडळींना एका साखर कारखान्याच्या आवारात एकत्र आणून, आधी टर्बाइनशिवाय, वेस्टरव्होर्टसारखा साधा घटसंच बसवावा, असं माझं म्हणणं आहे. पहिली दोन वर्षं फक्त गंधकाशी आणि हंगामाशी झुंजावं. टर्बाइन त्यानंतर, आणि ते त्याच घटाच्या मापाचं घडवून घेतलेलं. किती वायू आत गेला, किती वीज बाहेर आली, किती गळला, व्होल्टेज दर हजार तासांना किती उतरला, हे चार आकडे दर महिन्याला कारखान्याच्या फाटकावरच्या फळ्यावर लिहावेत, म्हणजे सभासद शेतकऱ्यालाही ते वाचता येतील.